कॉलिन्सची वही जपली गेली, आपल्या मुलांच्या वह्या कुठे आहेत?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रिकेटमधल्या मोठ्या खेळींवरचा आपल्या अंकातला मजकूर वाचला. आपल्या जिल्ह्यातल्या, कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी 2016 मध्ये नाबाद 1009 धावा करून ‘एका इंग्रज शाळकरी मुलाचा’ विक्रम मोडला, असे त्यात आहे. त्या मुलाचे नाव आर्थर कॉलिन्स. मी ठाण्यात पंचवीस वर्षे शाळांच्या सामन्यांचे स्कोअरिंग केले, म्हणून हे नाव राहून गेलेले मला बघवले नाही.

कॉलिन्सचा जन्म 1885 चा, आपल्याकडच्या हजारीबागचा. आईवडील लवकर गेले. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिकत असताना जून 1899 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, दोन वसतिगृहांच्या सामन्यात तो चार दिवस दुपारी खेळत राहिला आणि नाबाद 628 वर थांबला, तोही दुसऱ्या टोकाचा त्याचा शेवटचा जोडीदार बाद झाला म्हणून. मग गोलंदाजीत 11 बळी घेतले. त्याच्या धावांचा तपशील असा: एक षटकार, चार वेळा पाच, 31 चौकार, 33 वेळा तीन, 146 वेळा दोन आणि 87 एकेरी. मी कागद घेऊन बेरीज केली, बरोबर जुळते. स्कोअररला या आकड्यांतून मैदान दिसते. जवळच्या बाजूला फटका गेला की दोनच धावा आणि उताराकडे गेलेला चेंडू पळूनच काढायचा, अशी तिथली सोय होती. प्रणवने 1009 पैकी 870 धावा चौकार-षटकारांत काढल्या. कॉलिन्स जवळजवळ पाचशे धावांसाठी चौकार-षटकारांवाचून झगडला. वीसेक धावा इकडेतिकडे झाल्या असतील, असे तेव्हाच्या एका स्कोअररने म्हटल्याचे सांगतात. चार दिवस पेन्सिल चालवणाऱ्या माणसाचा तो प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

पुढे तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. वुलिचच्या लष्करी अकादमीतून रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला. 1913 मध्ये लॉर्ड्सवर आपल्या पलटणीकडून 58 आणि 36 धावा केल्या. 1914 च्या वसंतात लग्न झाले आणि त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत तो मारला गेला. कॅप्टन होता, वय 29. लष्करी खलित्यात त्याच्या कामगिरीची गौरवाने नोंद आहे. कबर मात्र सापडलेली नाही. नाव ईप्रच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर कोरलेले आहे, जिथे आपल्या हिंदी शिपायांचीही नावे आहेत. ‘पुढे त्याचे काय झाले?’ असे मोठी खेळी केलेल्या प्रत्येक मुलाबद्दल आपण विचारतो, जणू रणजी खेळला नाही तर आयुष्य वाया गेले. कॉलिन्सचे पुढे हे झाले.

त्या सामन्याची स्कोअरची वही क्लिफ्टनने जपली आणि ते मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. आता आपल्याकडचे सांगतो. सेंट्रल मैदानावर 1987 च्या हिवाळ्यात एका मुलाने दुहेरी शतक केले होते. ताडपत्रीखाली बसून दोन रंगांच्या पेनांनी मीच ते लिहिले. दोन वर्षांपूर्वी तो भेटायला आला, केस पांढरे, बरोबर लेक. म्हणाला, ‘सर, ते पान हिला दाखवता येईल का हो?’ ती वही ज्यांच्याकडे सोपवली होती, तिथे चौकशी केली. कपाट हलवताना सगळे रद्दीत गेले, असे कळले. त्या मुलीसमोर मला मान वर करता आली नाही.

माझी विनंती आहे की, ठाणे जिल्ह्यातल्या शाळांनी आणि क्लबांनी जुन्या वह्या शोधाव्यात आणि रद्दीत घालण्याआधी ग्रंथालयांना विचारावे. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना 1893 ची, म्हणजे कॉलिन्सच्या खेळीच्याही आधीची. अशा संस्थेने एक कपाट दिले तरी पुष्कळ होईल. प्रणवच्या त्या दोन दिवसांचे पान तर काचेत लावले पाहिजे, आणि शेजारी कॉलिन्सचे नाव.

माझ्याकडे 14 वह्या शिल्लक आहेत. कोणी ठेवून घेणार असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर, नौपाडा, ठाणे