हजेरी यंत्राची चूक आणि कापलेला पगार : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हजेरी आणि पगारबिल यांचा न जुळणारा मेळ

महोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र मुंबईतल्या सरकारी कार्यालयांच्या वेतन शाखांमध्ये बसणाऱ्या लिपिकांच्या वतीने आहे. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रावर हजेरी नोंदली गेली नाही एवढ्यावरून, विचारल्याशिवाय कुणाचाही पगार कापणार नाही, असा शब्द सरकारने कर्मचाऱ्यांना दिला होता. ऐन गणपतीच्या तोंडावर हातात आलेल्या पगारपत्रकात तीन-तीन दिवसांची कपात निघाली. ज्यांची कापली त्यांच्यात निवडणुकीच्या कामावर गेलेले आहेत, न्यायालयात सरकारी कागद घेऊन उभे राहिलेले आहेत आणि रात्रपाळी करून सकाळी घरी गेलेल्या परिचारिका आहेत. त्यांच्यापैकी एकही जण घरी बसलेला नव्हता.

तीन दिवस म्हणजे किती, तेही सांगतो. लिपिकाचे मूळ वेतन 19,900 रुपये धरा. 31 दिवसांच्या महिन्यात एका दिवसाचे 642 रुपये होतात, तीन दिवसांचे 1,926. हे नुसते मूळ वेतन झाले. त्यावरचा महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता त्याच हिशेबाने उतरतो. निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्याचे 10 टक्के आणि सरकारचे 14 टक्के मूळ वेतन व महागाई भत्त्यावर भरले जातात, तेही तेवढेच कमी होतात. चूक सिद्ध झाली तरी पैसे आपोआप परत येत नाहीत. फरकाचे पुरवणी देयक, म्हणजे वेगळे जादा बिल करावे लागते, त्याला मंजुरी लागते, अनुदान शिल्लक असावे लागते. कापायला एक नोंद पुरते, परत मिळवायला दोन-तीन महिने जातात. तोवर घराचा हप्ता आणि मुलांची फी थांबत नाही.

हे होते कसे? पगारबिल साधारण महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तयार करावे लागते. सेवार्थ या सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीत बदल भरायचे, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, मग बिल जाते सरकारी बिले तपासून पैसे देणाऱ्या अधिदान व लेखा कार्यालयात. त्यावर तपासणी, आक्षेप निघाला तर दुरुस्ती, आणि मग बँक. म्हणजे बिल निघते तेव्हा महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस अजून उगवलेलेही नसतात. त्या दिवसांची गैरहजेरी पुढच्या महिन्यात कापली जाते. पगारपत्रकावर तारीख नसते, कारण नसते, फक्त आकडा असतो. माणूस विचारायला आला की लिपिक यंत्राचा तक्ता काढतो, वही काढतो आणि दोघे मिळून मागच्या महिन्याचे दिवस मोजत बसतात.

आमच्याकडे यंत्र आणि सेवार्थ एकमेकांशी बोलत नाहीत. मधला पूल म्हणजे लिपिक. यंत्रातून निघालेली यादी तो वाचतो, रजेचे अर्ज फाइलमधून शोधतो, दौऱ्याचे आदेश वेगळ्या शाखेतून मागवतो आणि हाताने भरतो. शंभर कर्मचारी, महिन्याला बावीस दिवस, येण्याची आणि जाण्याची मिळून 4,400 नोंदी. हे काम एका माणसाकडे असते, त्याच्याकडेच सेवापुस्तके, वैद्यकीय देयके आणि माहिती अधिकाराचे अर्जही असतात.

यंत्र कुठे चुकते हे कुणी नीट लिहून ठेवत नाही, म्हणून इथे लिहितो. जाताना नोंद राहिली, एकच ठसा लागला, तर पूर्ण दिवस गैरहजर. नेटवर्क गेले की नोंदी यंत्रात साठतात आणि नंतर चढतात, त्या चढेपर्यंत यादी छापून झालेली असते. झाडू मारणाऱ्या, फिनेल हाताळणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्यांचा ठसा तीन-चारदा नाकारते. मागे रांग वाढते, बाई बाजूला होते, वहीत सही करते, आणि वही यंत्राला माहीत नसते. रात्रपाळी तर यंत्राला कळतच नाही. दहाला आत, सकाळी सहाला बाहेर. तारीख मध्यरात्री बदलते, म्हणून पहिल्या दिवशी फक्त आत, दुसऱ्या दिवशी फक्त बाहेर. दोन्ही दिवस अपूर्ण. आठ तास उभे राहून ड्युटी केलेली बाई कागदावर दोन दिवस गायब. उपाय साधा आहे : पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेला संपूर्ण धरावी. प्रणालीत एक नियम बदलायचा, एवढेच.

आणि वेळेचे म्हणाल तर, 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा कार्यालयाची वेळ 9.45 ते 6.15 झाली. विरार, कल्याण, पनवेलहून येणारा माणूस त्यासाठी पहाटे उठतो. पावसात रूळ पाण्याखाली गेले की शेकडो लेटमार्क एकाच सकाळी लागतात आणि प्रत्येकाने वेगळा अर्ज करायचा. लोकल बंद होती हे साऱ्या मुंबईला ठाऊक असते. त्या दिवसासाठी कार्यालयप्रमुखाने एक सामूहिक आदेश काढला तर काय बिघडते?

सर्वांत मोठा अन्याय कंत्राटी माणसांवर आहे. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, संगणकावर नोंदी करणारी मुले. त्यांची हजेरी वहीत, वहीची झेरॉक्स ठेकेदाराकडे, त्याचे बिल कार्यालयात, बिलावर प्रश्न. ठेकेदार म्हणतो, सरकारचे पैसे आले की देतो. वेतन संहितेत, म्हणजे केंद्राच्या वेतनाच्या कायद्यात, मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचे आहे, आणि ठेकेदार चुकला तर जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे सरकारची. मग सात तारीख उलटल्यावर प्रश्न कुणाला विचारायचा? ठेकेदाराच्या बिलासोबत मागच्या महिन्याचे भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्याचे चलन आणि कामगारांच्या खात्यात पैसे गेल्याचा बँकेचा पुरावा घेतल्याशिवाय पुढचे बिल पास करू नये. बिल थांबवताना कामगाराचा पगार थांबू नये, म्हणून त्याचे पैसे कार्यालयाने थेट खात्यात देण्याची सोय असावी.

आता मागण्या. हजेरीचा महिना 21 ते 20 असा धरा, म्हणजे बिल निघताना हातात पूर्ण महिना असेल. 21 तारखेला प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याची यादी जावी, तीन दिवस दुरुस्तीला, त्यानंतर अधिकाऱ्याची सही. रजा आणि दौऱ्याचा आदेश क्रमांक मंजुरीच्या वेळीच प्रणालीत चढावा, तो दिवस यंत्राने गैरहजर म्हणूच नये. कर्मचाऱ्याला निवडणुकीच्या कामावर पाठवताना त्याच्या हजेरीची जबाबदारी तिथल्या अधिकाऱ्याकडे द्या. पगारपत्रकावर प्रत्येक कपातीची तारीख आणि कारण छापा. लेखी विचारल्याशिवाय एक रुपयाही कापू नका. आणि चूक ठरली तर पुढच्याच बिलात परत करा, पुरवणी देयकाच्या फेऱ्यात टाकू नका.

बदलीच्या काळात होणारा त्रासही यातच येतो. जुन्या कार्यालयाने सेवार्थमधून कार्यमुक्त केल्याशिवाय आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे तिथे शेवटचा पगार किती दिला याचा दाखला, दिल्याशिवाय नव्या कार्यालयाला पगार काढता येत नाही. जुने कार्यालय काम संपले म्हणून मोकळे, माणूस नव्या ठिकाणी राबतो आणि त्याचा पगार अडकतो. यासाठी सात दिवसांची मुदत आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात नोंद, एवढे करा. मुदत फक्त खालच्या माणसालाच का असावी?

तोच मूळ प्रश्न आहे, महोदय. लिपिक 9.58 ला आला तर यंत्र सांगते. तीन लेटमार्क झाले की नैमित्तिक रजा कापली जाते. पण एखादी फाइल कुणाच्या टेबलावर किती आठवडे पडली, पदे रिक्त असताना दोघांचे काम एकाने किती वर्षे केले, प्रशिक्षणाविना नवीन प्रणाली कुणाच्या माथी मारली, याची नोंद कुठेही होत नाही. यंत्र बसवायला निविदा निघते, ते नीट चालवायला माणूस दिला जात नाही. विश्वास नसलेल्या माणसांकडून काम करून घेणारी ही रचना आम्ही रोज आमच्या टेबलावरून पाहतो, आणि कपातीचा आकडा आम्हालाच टाकावा लागतो. समोर रडवेल्या चेहऱ्याने उभी असलेली सहकारी आम्हालाच विचारते, मी आले होते ना हो? आणि ती आली होती हे आम्हाला ठाऊक असते.

तेव्हा दिवाळीच्या आधीचे बिल निघण्यापूर्वी, निदान रात्रपाळी आणि निवडणूक कामाचे दिवस दुरुस्त करण्याचे लेखी आदेश काढावेत आणि आधी कापलेले पैसे परत द्यावेत.

कळावे,
वेतन शाखांतील कर्मचारी, मुंबई