माझे भिजलेले कागद वाळवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं आणि परवा पेढे घेऊन आले तर तुमच्या खिडकीत दुसरंच कोणीतरी बसलेलं, म्हणाले मॅडमची बदली झाली, कुठे ते काही नीट सांगता येईना. म्हणून इथेच लिहितेय, पुण्यातल्या कोणाला तरी ओळख पटेल आणि हे तुमच्यापर्यंत पोचेल.

मी ती 2023 च्या जुलैमधली पाळणाघरवाली. नागरी सुविधा केंद्रात भर पावसात आलेली, हातात फाटलेली प्लॅस्टिकची पिशवी, आत सगळे कागद.

त्याआधीचे चार महिने कसे गेले ते तुम्हाला तेव्हा सांगता आलं नव्हतं, घसाच दाटला होता. एक एजंट म्हणाला पाळणाघराचं लायसन्स काढून देतो, 25 हजार लागतील, आठ हजार ॲडव्हान्स घेतला आणि नंतर फोन उचलायचाच बंद झाला. एका ऑफिसात साहेबांनी मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं, तर ते तुम्ही बघा. दुसरीकडे म्हणाले मिस्टरांना पाठवा. जागेचं भाडं मी भरतेय, सही माझी, बोलायला मात्र मिस्टर! सोसायटीच्या एनओसीसाठी तीन महिने सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले, पोरं गोंगाट करतील म्हणत होते, शेवटी कमिटीच्या मीटिंगमध्ये हातापाया पडून ती एक सही मिळवली. आणि तीच एनओसी त्या दिवशी भिजली.

खिडकीपाशी पिशवी उघडली तर सगळे कागद एकमेकांना चिकटलेले, सेक्रेटरींच्या सहीची शाई पसरायला लागलेली. मी तिथेच रडायला लागले. मागे रांग होती, कोणीतरी ओरडलं सुद्धा, अहो बाजूला व्हा.

तुम्ही आतून दार उघडून मला आत घेतलंत. दीड वाजला होता, तुमचा डबा टेबलावर उघडा होता, एक घास पण खाल्लेला नव्हता. तुम्ही डबा बाजूला सारलात आणि एकेक कागद नखाने अलगद सोडवून पंख्याखालच्या टेबलावर मांडायला लागलात, उडू नये म्हणून एकावर चष्म्याचं घर, एकावर स्टॅपलर, एकावर शिक्क्याचं पॅड, आणि एनओसीवर काही उरलं नाही तर तुमच्या डब्याचं झाकण पुसून ठेवलंत. सही वर राहील अशा बेताने. मी बघतच राहिले. चार महिने माझे कागद लोकांनी टेबलावरून सरकवले होते, परत फेकले होते, त्यांना इतक्या हळू हात कोणी लावला नव्हता.

आणि कागद वाळेपर्यंत तुम्ही विचारलंत, किती मुलं घेणार? दुपारी त्यांच्याजवळ झोपायला कोण? मॅडम, चार महिन्यांत मुलांबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. प्रत्येकाने जागा विचारली, पैसे विचारले, मुलं कोणीच नाही.

मग तुम्ही एका जुन्या फॉर्मच्या मागे लिहून दिलंत. पाळणाघराचं म्हणून एकच लायसन्स देणारी खिडकी नाहीये बाळा, वेगवेगळे कागद जमवावे लागतात, पण त्यातलं बरंचसं तुझं तुला जमेल. शॉप ॲक्टला (2023 च्या तेव्हाच्या नियमाने) दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाईन सूचना द्यायची. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट आहे (त्या एजंटाने तिचेच दोन हजार धरले होते!). मुलांना शिजवून घालणार असशील तर फूडचं रजिस्ट्रेशन, छोट्यांना तेव्हा वर्षाला 100 रुपये. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, मुलं सांभाळणाऱ्या मावशींची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. मी म्हटलं हे कोणी मागितलं नाही. तुम्ही म्हणालात, कोणी मागू दे नाहीतर न मागू दे, मुलांच्या आयांना दाखवायला ठेव.

ते मी कधीच विसरणार नाही. 2016 मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारतानाचा तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ आला तेव्हा माझी मुलगी दहा महिन्यांची होती, तो बघून मी नोकरीच सोडली होती. ती भीती काय असते मला माहितीये. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असा 2017 पासून कायदा आहे, चांगलाच आहे, पण मेडिकलच्या दुकानात उभी राहणारी, पार्लरमध्ये काम करणारी, छोट्या दवाखान्यातली नर्स, यांच्या मालकाकडे 50 माणसं कुठून असणार? त्या सगळ्याजणी माझ्याकडे येतात. सकाळी पोराला माझ्या हातात देताना आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग मावशींकडे. म्हणून दोघी मावशींचे पडताळणीचे कागद मी दारातच लावलेत, चपला काढतो तिथे, वाचता येतील एवढ्या उंचीवर. नवीन आई आली की ते वाचते आणि मग पोराला खाली ठेवते.

लोक म्हणतात सरकारी माणूस म्हटलं की असंच असतं. मी आता ते कोणाला म्हणू देत नाही. माणुसकी असलेली माणसं असतात, खिडकीच्या आत पण असतात, त्या दिवशी तुम्ही जेवलात की नाही हे मात्र मला अजून टोचतं, कारण मी निघाले तेव्हा अडीच वाजले होते आणि रांग तशीच होती.

दसऱ्याला पाळणाघर सुरू झालं. आता चौदा मुलं आहेत. एनओसी फाईलमध्ये आहे, सही जराशी फिस्कटलीये पण वाचता येते, आणि तिच्यावर तुमच्या झाकणाची गोल खूण आहे, झेरॉक्स काढली तरी उमटते.

हे वाचलंत तर एकदा या. चार वाजता या, तेव्हा सगळी झोपून उठलेली असतात आणि गरम उपमा असतो. तुमचं ताट मी वाढून ठेवते.

तुमची,
पाळणाघरवाली