कॅन्सरची गाठ वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडू द्या: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी सांगली-मिरज भागात हिस्टोपॅथॉलॉजीचे काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ किंवा बायोप्सीचा तुकडा माझ्या टेबलावर येतो, त्याच्या स्लाइड होतात, त्या मायक्रोस्कोपखाली पाहून मी रिपोर्ट लिहिते. पेशंटची आणि माझी गाठ सहसा पडत नाही. पण त्याला केमो द्यायची की गोळीवर भागेल, मानेतल्या लसिका ग्रंथी (कॅन्सर पसरतो त्या) काढायच्या की थांबायचे, हे बऱ्याच अंशी माझ्या रिपोर्टवर ठरते. कॅन्सरचा विषय निघाला की रेडिएशनच्या मशिनची आणि खाटांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. मला मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या, फार स्वस्तातल्या एका गोष्टीबद्दल आपल्याला लिहायचे आहे.

मे महिन्यातली गोष्ट. एका तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातून स्तनाचे ऑपरेशन झालेला नमुना आला. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेला, वर प्लॅस्टिकची पिशवी. ऑपरेशन आदल्या दिवशी सकाळी झाले होते. नातेवाईक एसटीने घेऊन आले होते आणि बिचाऱ्यांनी पिशवी उन्हातून जपून आणली होती. मी सुरी फिरवली तर गाठीचा मधला भाग सुरीला चिकटून येत होता. स्लाइडवर पेशींच्या कडा पुसट, केंद्रके फिकी. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरची तपासणी केली. पेशीत तो असला तर केंद्रक तपकिरी दिसते. इथे सगळी केंद्रके निळी. तेवढ्यावर 'ईआर निगेटिव्ह' लिहून मोकळे होता आले असते. पण गाठीच्या कडेला स्तनाच्या ज्या निरोगी नलिका असतात, त्यांतल्या काही पेशी तरी तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही निळ्या होत्या. म्हणजे तपासणीच फसली होती. नशिबाने ऑपरेशनपूर्वीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दुसऱ्या एका लॅबमध्ये पडून होता. तो मागवला, त्यावर तपासणी केली आणि ईआर स्पष्ट पॉझिटिव्ह निघाला.

या दोन शब्दांमधला फरक किती मोठा आहे, हे सांगायला हवे. स्तनाच्या काही कॅन्सरना अंडाशयाच्या हार्मोनचे पोषण मिळते, हे ग्लासगोच्या डॉ. जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये दोन्ही अंडाशये काढून दाखवून दिले. ते हार्मोन ज्या रिसेप्टरला चिकटते, तोच हा ईआर. तो असलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक, अशी पाच वर्षे दिली, तर पंधरा वर्षांत या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. ही गोळी जुनी आहे आणि स्वस्त आहे. आटपाडीच्या किंवा माणच्या शेतमजूर बाईलाही परवडणारी. केवळ नमुना रात्रभर तसाच राहिला म्हणून तिच्या कागदावर 'निगेटिव्ह' पडायचे, तिला गोळी मिळायचीच नाही, आणि असे झाले हे पुढे कोणाला कळायचेही नाही.

गाठ शरीरातून बाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशीतली एन्झाइम्स पेशीलाच खाऊ लागतात. हे थांबवते ते फॉर्मॅलिन. आत शिरण्याचा त्याचा वेग तासाला साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे स्तनासारखा मोठा नमुना अख्खाच बुडवला तर बाहेरून टणक होतो आणि आतून सडतो. त्याला सेंटिमीटरभर अंतराने काप द्यावे लागतात. नमुना तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. फॉर्मॅलिन दहा टक्के न्यूट्रल बफर्ड (आम्लता वाढू न देणारे) हवे, नमुन्याच्या दहापट हवे, आणि ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारे एक प्रथिन) यांच्या तपासणीसाठी नमुना त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. प्रत्यक्षात आमच्याकडे गोळ्यांच्या बारीक तोंडाच्या बाटलीत कोंबलेल्या गाठी येतात. आत जाताना मऊ असतात, टणक झाल्यावर बाटली कापून काढाव्या लागतात. फॉर्मवर ऑपरेशनची तारीख असते, वेळ नसते. यात त्या डॉक्टरांचा किंवा सिस्टरचा दोष मी धरत नाही. त्यांना कोणी हे शिकवलेले नाही आणि बफर्ड फॉर्मॅलिन त्यांच्या खरेदीच्या यादीतच नाही.

हर-टूचे तर याहून नाजूक. स्तनाच्या दर शंभर कॅन्सरपैकी साधारण पंधरा ते वीसांत हे प्रथिन वाढलेले असते. असा कॅन्सर आक्रमक, पण १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रॅस्टुझुमॅबने त्याचे भवितव्यच बदलले. रिपोर्टमध्ये शून्य, एक, दोन, तीन असे अंक असतात. तीन म्हणजे औषध द्या. दोन म्हणजे नक्की सांगता येत नाही, फिश नावाची पुढची तपासणी करा. त्यासाठी ब्लॉक पुण्या-मुंबईला जातो, पैसे आधी भरावे लागतात, आणि त्या काळात कित्येक कुटुंबे गळून जातात. महागडे औषध सरकारी आरोग्य योजनेतून मिळेलही, पण ते कोणाला द्यायचे हे सांगणाऱ्या तपासणीसाठी काही हजार रुपये उसने घ्यावे लागत असतील तर ती योजना पेशंटपर्यंत पोहोचत नाही. ही तपासणी उपचारांच्या मंजुरीआधी, स्वतंत्रपणे आणि विनामूल्य व्हावी, एवढी माझी मागणी आहे.

आमच्या जिल्ह्यांत तंबाखू, मिश्री आणि माव्याने तोंडाचा कॅन्सर घरोघरी नेला आहे. इथे कळीचा मार्कर (कॅन्सर पुढे कसा वागेल हे सांगणारी खूण) रंगाचा नाही, मिलिमीटरचा आहे. गाठ जिभेत किंवा गालात किती खोल गेली, हे शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपातळीपासून मोजायचे. ५ मिलिमीटरच्या आत, १० पर्यंत, आणि त्यापुढे, अशी विभागणी कॅन्सरचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीच्या २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आली. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. मानेत गाठ येण्याची वाट पाहिली तर ६७.५ टक्के. हे संशोधन आपल्याच राज्यातले, आणि खोली मोजायला लागते स्लाइडवरची एक पट्टी. तरीही खोलीचा आकडा नसलेले रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येतात. उलट गालाच्या कॅन्सरवर पी-१६ ही, एचपीव्ही विषाणूमुळे झालेला कॅन्सर ओळखण्याची, तपासणी केलेली असते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी ही तपासणी फार मोलाची आहे, गालावर तिने उपचार बदलत नाही. गरिबाचे पैसे मात्र गेलेले असतात.

आता संशोधनाबद्दल, कारण ते थेट आपल्या खात्याचे आहे. की-६७ हे पेशी वाढीला लागल्याचे प्रथिन, १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात सापडलेले. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते ५ टक्के किंवा त्याहून कमी पेशींत, अथवा ३० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत दिसले, तर तो आकडा भरवशाचा मानतात. मधल्या आकड्यांत एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टचे एकमत होत नाही. दरवर्षी असे नवे मार्कर जाहीर होतात आणि बहुतेक पुढे टिकत नाहीत, कारण नमुने थोडे, नीट न जपलेले, आणि पेशंटचे पुढे काय झाले याचा पत्ता नाही. आपल्या महाविद्यालयांतले एमडीचे विद्यार्थी की-६७, पी-५३ यांवर प्रबंध लिहितात, मी त्यांतले अनेक वाचले आहेत. मेहनत खरी असते. पण प्रबंध सादर झाला की तक्ता बंद. ती बाई पाच वर्षांनी जिवंत होती का, हे कोणी विचारत नाही. मार्कर वर्तन सांगतो की नाही हे तर तिथेच कळते! नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अशा प्रबंधांचे रुग्ण विभागाच्या नोंदवहीत ठेवून पुढच्या तुकड्यांकडून फोनवर पाठपुरावा करून घेतला, तर खर्च फोनचा तेवढा. ब्लॉक कोरड्या, थंड खोलीत ठेवले तर वर्षानुवर्षे टिकतात.

खेड्यात हे जमत नाही असे कोणी म्हटले तर बार्शीकडे पाहावे. तालुक्याच्या त्या गावात १९८७ पासून कॅन्सरची लोकसंख्या-आधारित नोंदणी चालते, ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. घरोघर जाणाऱ्या माणसांनी ती उभी केली. मिरजेला तर १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उघडल्यापासून लांबून माणसे उपचाराला येतात, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे.

म्हणून विनंती अशी. सांगली आणि साताऱ्यातल्या ज्या ज्या शासकीय रुग्णालयात बायोप्सी किंवा गाठीचे ऑपरेशन होते, तिथे रुंद तोंडाच्या बरण्या आणि बफर्ड फॉर्मॅलिन औषधांच्या नियमित पुरवठ्यात घ्या. फॉर्मवर 'गाठ काढल्याची वेळ' आणि 'फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ' असे दोन रकाने छापा, आणि ते रिकामे आले तर लॅबने विचारायलाच हवे असा आदेश काढा. मिरज आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांत ईआर, पीआर, हर-टूच्या तपासणीची रसायने वर्षभर पुरतील इतकी मंजूर करा. मार्चमध्ये निधी संपला म्हणून एप्रिलपर्यंत थांबा, असे कॅन्सरच्या पेशंटला सांगता येत नाही. तपासणी बरोबर होते का, हे बाहेरच्या लॅबकडून ठरावीक काळाने पडताळून घ्या. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि आंतरवासितांना शिकवायला एक दुपार पुरते. बोलावले तर मी आणि माझे सहकारी कोणत्याही तालुक्याला स्वखर्चाने येऊ.

आपली विश्वासू,
मिरजेतील एक पॅथॉलॉजिस्ट