मार्क ४ रणगाड्याच्या प्रतिकृतीनिमित्त काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

पहिल्या महायुद्धातल्या मार्क ४ या ब्रिटिश रणगाड्याची १:३५ प्रमाणातली प्रतिकृती रंगासह पूर्ण झाली आहे. तिच्यासाठी आपण जो वेळ दिलात आणि जे ज्ञान हातचे न राखता दिलेत, त्याबद्दल चार लोकांसमोर आपले आभार मानावेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शर्मन, टायगर किंवा आपल्या विजयंताविषयी विचारायला माणसे मिळतात. पण पहिल्या महायुद्धातल्या, तिरक्या चौकोनासारख्या दिसणाऱ्या या पहिल्या पिढीच्या रणगाड्यांविषयी विचारायला मला आपल्याखेरीज कोणी नव्हते.

प्रतिकृतीच्या सुट्या भागांचा खोका उघडण्याआधीच आपण मला विचारले होतेत, की हा रणगाडा कोणत्या दिवशी आणि कोणत्या जमिनीवर उभा आहे. या एका प्रश्नाने माझे सगळे काम मार्गी लागले, असे मी मनापासून मानतो. २० नोव्हेंबर १९१७ची सकाळ आणि उत्तर फ्रान्समधले काँब्रे, असे उत्तर ठरल्यावर रंगाचे बहुतेक निर्णय आपोआप होत गेले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या ईप्र परिसरात रणगाडे चिखलात रुतून बसले होते, तर काँब्रेची जमीन खडूमिश्रित आणि टणक होती, आणि आधी दिवसेंदिवस तोफखाना चालवून ती उखणून ठेवलेली नव्हती. म्हणूनच चारशेहून अधिक रणगाडे तिथे एकदम पुढे जाऊ शकले. त्यामुळे रणगाडा ज्यांवर चालतो त्या साखळीपट्ट्यांवर काळपट, ओला चिखल न थापता पांढुरकी, कोरडी माती दाखवावी, हे आपण सुचवलेत, आणि पिगमेंटमध्ये, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडीत, खडूची पूड किती मिसळायची तेही जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर करून दाखवलेत. पुढच्या शिंगांवरचे, म्हणजे रणगाड्याच्या पुढे आलेल्या टोकांवरचे, पांढरे-लाल-पांढरे रंगाचे पट्टे १९१८चे आहेत, जर्मन शत्रूच्या हाती पडलेले रणगाडे त्याच्याकडून लढू लागल्यावर ओळखीसाठी आलेले, म्हणून ती डिकाल्स (चिकटवायची छापील चित्रे) मी बाजूला ठेवली. बाकी अंगाला एकच खाकी तपकिरी रंग पुरला.

सांध्यांचे काम मला सर्वांत अवघड वाटत होते. या रणगाड्याचे अंग रिव्हेटांनी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांनी, भरलेले असते आणि सांधा घासून सपाट करताना शेजारची रिव्हेटे पुसली जातात. जोडणीनंतर न दिसणाऱ्या भागावरची रिव्हेटे पात्याने अलगद उचलायची आणि ब्रशच्या ओल्या टोकावर घेऊन जागच्या जागी चिकटवायची, ही आपली रीत मी आता प्रत्येक कामात वापरतो. रिव्हेट खऱ्या पोलादावर कसे बसते, त्याच्याभोवती धूळ कुठे साठते आणि कुठे साठत नाही, हे दाखवण्यासाठी आपण मला अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये घेऊन गेलात. तिथला व्हॅलेंटाईन दुसऱ्या महायुद्धातला असला, तरी त्याच्या रिव्हेटांजवळ उभे राहून जे कळले, ते छायाचित्रांतून कळले नसते.

फांद्यांच्या गठ्ठ्याविषयी मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे. हिंडेनबुर्ग रेषेचे, म्हणजे जर्मनांच्या संरक्षक फळीचे, खंदक रुंद होते. ते ओलांडता यावेत म्हणून रणगाड्याच्या माथ्यावर सुमारे पावणेदोन टनांचा गठ्ठा नेऊन खंदकात टाकायचा, अशी योजना होती. हे गठ्ठे चिनी मजुरांच्या तुकडीने बांधले आणि त्यांच्या साखळ्या आवळण्यासाठी रणगाड्यांनाच विरुद्ध दिशांना ओढायला लावले. ही हकिगत आपण सांगितलीत, म्हणून मी खोक्यातला प्लॅस्टिकचा गठ्ठा वापरला नाही. फुलझाडूच्या तुऱ्यातल्या बारीक काड्या, नकली दागिन्यांच्या दुकानातली साखळी आणि आपण दिलेली लहान पक्कड यांवर तो तयार झाला. साखळी आवळली की काड्या मध्ये दबल्या पाहिजेत आणि टोकांना फुलल्या पाहिजेत, हा आपला आग्रह योग्य होता. वजन दिसते ते तेवढ्यामुळेच.

प्रतिकृतीवर मी नाव लिहिलेले नाही. ज्या रणगाड्याचे स्पष्ट छायाचित्र हाती नाही त्याचे नाव रंगवू नये, हे आपले मत मला पूर्ण पटले आहे. डेबोरा या मार्क ४ रणगाड्याची गोष्ट आपण सांगितली होतीत. त्याच २० नोव्हेंबरला फ्लेस्किएर गावात तो तोफेच्या माऱ्याला बळी पडला, त्यातले पाच सैनिक मारले गेले, आणि पुढे जमिनीत पुरला गेलेला तो सांगाडा १९९८मध्ये खणून काढला गेला. अशा नावांमागे खरी माणसे आहेत, ती नावे शोभेसाठी वापरायची नाहीत, हे आपण ज्या गांभीर्याने सांगितलेत, त्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे.

यापुढे मार्क १ करायचा विचार आहे. १९१६च्या सप्टेंबरात सोमच्या लढाईत उतरलेल्या त्या रणगाड्यांसाठी चित्रकार सॉलोमन जे. सॉलोमन यांनी अनेक रंगांची योजना आखली होती आणि ती ब्रशनेच रंगवायची माझी इच्छा आहे. मागची सुकाणूची चाके आणि छतावरची जाळी यांसाठी तांब्याची तार किती जाडीची घ्यावी, हे विचारायला पुढच्या रविवारी येतो; सोबत मार्क ४ही आणतो. त्याच्या धुराड्याच्या गंजाची छटा आपण दिवसाच्या उजेडात पाहून सांगावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी