रेलगनचा वेग कळला, फ्यूझच्या कुलपाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीची बरीच वर्षे तोफगोळ्यांच्या फ्यूझची, म्हणजे गोळा कधी फुटायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेची, तपासणी करण्यात गेल्यामुळे रेलगनविषयी, म्हणजे दारूऐवजी विजेच्या प्रवाहाने गोळा फेकणाऱ्या तोफेविषयी, जे काही छापून येते ते मी बारकाईने वाचतो. अमेरिकी नौदलाने डिसेंबर 2010 मध्ये डालग्रेन येथे केलेली 33 मेगाज्यूलची चाचणी असो, जपानने ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलेली जहाजावरची चाचणी असो, की पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने 12 मिलिमीटर चौरस नळीवर केलेल्या प्रयोगाची 2017 मधील बातमी असो, चर्चा दर वेळी वेगाची होते. गोळा वेळेआधी फुटणार नाही याची हमी कशाच्या आधारावर द्यायची, हे मात्र कोणी विचारत नाही.

रेलगनचा गोळा म्हणजे निव्वळ धातूचा ठोकळा, त्यात स्फोटक नसतेच, मग फ्यूझ हवा कशाला, असे कोणी म्हणेल. प्रयोगापुरते ते खरे आहे. परंतु समोरून येणारे क्षेपणास्त्र किंवा ड्रोन पाडायचे असेल, तर थेट टक्कर होण्याची वाट न पाहता गोळा लक्ष्याजवळ फुटावा लागतो, आणि स्फोटक आले की फ्यूझ आलाच.

नेहमीच्या तोफगोळ्याच्या फ्यूझमध्ये डिटोनेटर (स्फोटाची सुरुवात करणारा भाग) एका शटरमध्ये, म्हणजे सरकत्या झडपेत, मुद्दाम आडवा ठेवलेला असतो. तो बूस्टरच्या (स्फोट मुख्य स्फोटकापर्यंत पोचवणाऱ्या भागाच्या) रेषेत येण्यापूर्वी दोन कुलपे उघडावी लागतात. गोळा नळीत पुढे झेपावताना जडत्वाने मागे राहणारा भाग स्प्रिंग दाबतो, त्याने पहिले कुलूप सुटते. नळीच्या आतील सर्पिल आट्यांमुळे गोळ्याला मिळालेल्या फिरकीने खिट्ट्या बाहेर सरकतात, तेव्हा दुसरे सुटते. ही कुलपे एकमेकांवर अवलंबून नसावीत आणि वेगवेगळ्या कारणांनी उघडावीत, असे अमेरिकी लष्करी मानक 1316 सांगते. 155 मिलिमीटरचा गोळा मिनिटाला सुमारे 16 हजार फेरे घेत बाहेर पडतो. हातातून निसटलेला किंवा ट्रकमध्ये हादरे खाणारा गोळा तसा कधीच फिरत नाही, हीच त्या दुसऱ्या कुलपाची खरी ताकद.

रेलगनच्या नळीला आटे नसतात, त्यामुळे फिरकी नाही. उरतो तो धक्का. 10 मीटर नळीतून सेकंदाला 2500 मीटर वेगाने गोळा सोडायचा, तर सरासरी त्वरण गुरुत्वाच्या 30 हजार पटींहून अधिक भरते आणि हा जोर जेमतेम 8 मिलिसेकंद टिकतो. एवढा मोठा धक्का चुकून बसणे अशक्य, असे समजणाऱ्यांनी 40 फुटांवरून पोलादी पाटावर फ्यूझ टाकण्याची चाचणी एकदा पाहावी. तिथेही क्षणभराचा धक्का प्रचंड असतो, फक्त तो मिलिसेकंदाच्याही अंशात संपतो. म्हणून जोर किती आहे यापेक्षा तो किती वेळ टिकला, हे कुलपाला कळावे लागते. एकदा अशा चाचणीनंतर आम्ही फ्यूझ उघडला, तेव्हा पहिले कुलूप पूर्ण सुटलेले होते, कारण स्प्रिंग ढिली निघाली होती. शटर जागेवर राहिले ते केवळ फिरकीच्या कुलपामुळे. लॉट परत गेला. रेलगनच्या गोळ्यात ही दुसरी खिट्टी नसेल.

तिची जागा नळीतले चुंबकीय क्षेत्र घेऊ शकेल, असे मला वाटते. लाखो अँपिअरचा प्रवाह काही मिलिसेकंदांपुरता वाहतो, गोळ्यामागचे क्षेत्र झपाट्याने चढते आणि नळीच्या तोंडाशी प्रवाह तुटताच कोसळते. भंगाराच्या गोदामातला विद्युतचुंबक किंवा एमआरआय यंत्र यांच्याजवळ असा चढउतार होत नाही. त्यामुळे क्षेत्राची नुसती तीव्रता नव्हे, तर त्याचा हा संपूर्ण आलेख ओळखणारे कुलूप हवे. पण ते उघडण्याचा निर्णय इलेक्ट्रॉनिक्सवर सोडला, तर ज्या क्षेत्राला ओळखायचे त्याच क्षेत्राने सर्किटमध्ये खोटा प्रवाह निर्माण करू नये, हेही पाहावे लागेल. विजेच्या चुकार लाटेने काय होते, हे 29 जुलै 1967 रोजी टोंकिनच्या आखातात दिसले आहे. फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एका विमानाचे झुनी रॉकेट आपोआप सुटले आणि नंतरच्या आगीत व स्फोटांत 134 जण मृत्युमुखी पडले. सुरक्षा पिन आणि वायरी जोडण्याचे नियम तिथे घाईपोटी ढिले झाले होते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती अर्धवट सुटलेल्या गोळ्याची. तोफेसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटर बँकेचे काही संच पेटले आणि काही पेटलेच नाहीत, तर गोळा नळीतच अडकेल. त्याने धक्काही खाल्लेला असेल आणि क्षेत्रही अनुभवलेले असेल. अशा गोळ्याचा फ्यूझ आपोआप सुरक्षित स्थितीत परतला पाहिजे, आणि बँकेत शिल्लक भार उरलेला असताना त्या नळीजवळ जाण्याची पाळी कोणावर येता कामा नये. दुसरी अडचण वेळेची आहे, कारण गोळा तोफेपासून पुरेसा दूर गेल्यावरच फ्यूझ फुटण्यास सज्ज व्हायला हवा. तोंडाबाहेर पडल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात रेलगनचा गोळा 250 मीटर दूर गेलेला असतो, तर सेकंदाला 800 मीटर वेगाचा नेहमीचा गोळा 80 मीटरच. रेलगनसाठी आखलेला गोळा साध्या तोफेतूनही डागण्याचा विचार अमेरिकेत झाला आहे. त्या गोळ्याच्या फ्यूझने केवळ घड्याळ पाहिले, तर सुरक्षित अंतराचा हिशेब तोफेगणिक बदलेल.

आधी तोफ तयार होऊ द्या, फ्यूझचे नंतर बघू, ही सवय मी जवळून पाहिली आहे आणि तिची किंमत प्रूफ रेंजवरच्या (दारूगोळ्याच्या चाचणी मैदानावरच्या) माणसांनी मोजावी, हे मला मान्य नाही. आपल्याकडे रेलगनच्या पुढच्या टप्प्याचा आराखडा मंजूर होईल, तेव्हा फिरकीच्या जागी कोणते दुसरे कुलूप घेणार, हे त्याच आराखड्यात नोंदवले जावे आणि त्याची तपासणी तोफ बनवणाऱ्या गटाबाहेरच्या लोकांकडे सोपवली जावी. गोपनीयतेला बाधा न आणता एवढे जाहीर करता येण्यासारखे आहे.

आपला,
एक निवृत्त दारूगोळा निरीक्षक, पुणे