खोडदच्या दुर्बिणीला मिळालं ते संरक्षण प्रवाशालाही द्या

प्रति,
मा. श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वे, माहिती व प्रसारण, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार

महोदय,
सविनय नमस्कार.

पुणे–नाशिक रेल्वेचा मूळ आराखडा आमच्या नारायणगाव भागातून जात होता. खोडदच्या जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या कामात त्यामुळे बाधा येईल, म्हणून आपण तो मार्ग बाजूला ठेवलात आणि शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आणलात. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरमध्ये या निर्णयावर किती नाराजी आहे हे आपल्यापर्यंत पोहोचलेलं आहेच. मी याच तालुक्यात राहते. टोमॅटो, कांदा आणि द्राक्षं पिकवणाऱ्या या पट्ट्यात गाडी यावी असं मलाही मनापासून वाटतं, आणि दुर्बीण सांभाळून ती आणता येईल का याचा अभ्यास पुन्हा व्हावा या मागणीत मीही आहे. पण आजचं पत्र त्या मार्गाबद्दल नाही. तो मार्ग नाकारताना आपण जे तत्त्व मान्य केलंत, त्याबद्दल आहे.

जीएमआरटीजवळ वाढलेल्या माणसाला या दुर्बिणीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, आसपासच्या शाळांतली मुलं खोडदला जातात आणि 45 मीटर व्यासाच्या त्या तबकड्यांखाली उभी राहतात. अशा 30 तबकड्या आहेत. त्यांतल्या 14 मधल्या भागात, साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत, तर 16 तीन दिशांना पसरलेल्या फांद्यांवर, एकमेकींपासून 25 किलोमीटरपर्यंत दूर आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी जाड पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून हे आपल्या खिशाला परवडेल असं उभारलं. 2023 मध्ये याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश ओळखता आला. वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे 30 पट मोठा करून दिला, म्हणून तो हाती लागला. त्याच वर्षी जगभरच्या वेधशाळांनी पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. त्यातही खोडदचा वाटा होता.

इतकं क्षीण काही ऐकायचं तर भोवती शांतता लागते. विजेच्या तारेवर घासत जाणाऱ्या पेंटोग्राफची ठिणगी, डब्यातले शेकडो मोबाइल, रुळांकाठची बिनतारी यंत्रणा, यातलं प्रत्येक दुर्बिणीच्या कानाशी केलेला गोंगाट ठरतं. म्हणूनच या परिसरात टॉवर किंवा मोठा उद्योग उभा करायचा तर आधी वेधशाळेचं मत घ्यावं लागतं. गोंगाट करणाऱ्याने आधी विचारायचं. तो आपल्याला का सहन होत नाही, हे ऐकणाऱ्याने दरवेळी सिद्ध करत बसायचं नाही. सरकारने हे तत्त्व मानलं आणि त्यापायी एका रेल्वेमार्गाचा आग्रहही सोडला. माझ्या मते हे फार मोठं आहे.

माझी विनंती एवढीच आहे की हेच तत्त्व माणसांनाही लावावं.

जुलै 2025 मध्ये आपल्या मंत्रालयाने जाहीर केलं की 74,000 प्रवासी डब्यांत आणि 15,000 इंजिनांत सीसीटीव्ही बसणार. प्रत्येक डब्याला चार कॅमेरे, म्हणजे नुसत्या डब्यांमध्येच तीन लाखांच्या आसपास. कॅमेरे दारांजवळच्या ये-जा करायच्या जागेत असतील, त्यामुळे प्रवाशांचा खाजगीपणा राखला जाईल, असं त्याच घोषणेत म्हटलं होतं. रात्रीच्या गाडीने एकटीने प्रवास केलेली कोणतीही बाई या कॅमेऱ्यांना उगाच विरोध करणार नाही, मीही करत नाही. दारात उभं राहून त्रास देणाऱ्यावर डोळा असलेला मला हवाच आहे.

पण त्याच घोषणेत पुढे असंही आहे की या चित्रणावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कसा करता येईल, ते केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनच्या साथीने तपासावं. माझी खरी काळजी इथे सुरू होते. कॅमेरा घडलेला प्रसंग टिपतो. चेहरा ओळखणारी प्रणाली मात्र काही घडलेलं नसतानाही प्रत्येक माणसाची नोंद करू शकते. कोण, कधी, कुठल्या गाडीने, कुणाबरोबर, कुठे उतरलं, याची. पुण्याला कर्करोगाच्या उपचारासाठी जाणारा, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी निघालेली, आझाद मैदानावर आंदोलनाला चाललेली आशाताई, साहेबाच्या गैरव्यवहाराची कागदपत्रं घेऊन निघालेला कारकून, या सगळ्यांचा प्रवास एका ओळीत शोधता येईल. आज यातलं किती सुरू झालंय यापेक्षा, ते सुरू करायला कायद्याची कोणतीही पायरी आड येत नाही, हे मला जास्त गंभीर वाटतं. चेहरा ओळखण्याच्या तंत्राबद्दल आपल्या देशात वेगळा कायदा नाही.

दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरात सांगितलं होतं की चेहरा 80 टक्के जुळला तर ते जुळणी झाली असं धरतात. समजा यंत्र यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे आणि हजारात एकदाच चुकतं. दिवसाला लाख माणसं ये-जा करतात अशा स्थानकावर त्याचा हिशेब रोज शंभर निरपराध माणसं असा होतो. त्यातल्या ज्याच्याकडे वकील नाही, ओळख नाही, सुट्टी नाही, त्याचा तो दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. ती कोण भरून देणार?

हा 80 टक्क्यांचा आकडा आपल्याला कळला तो माहिती अधिकारामुळे. म्हणून आता त्या कायद्याबद्दल बोलणं भाग आहे. आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीमुळे हा विषय इथल्या लोकांच्या रक्तात आहे, असं म्हटलं तरी चालेल. देशाचा कायदा 2005 मध्ये आला, त्याआधी 2002 मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला होता. विहिरीच्या अनुदानाचे लाभार्थी कोण, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कुणाची नावं, रस्त्याचं बिल कुणाच्या सहीने निघालं, हे गावातल्या साध्या माणसाने एका अर्जावर मागितलं आणि मिळवलं.

आपण मांडलेल्या 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8(1)(जे) बदललं. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागत होती, आणि संसदेला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथेच लिहिलेलं होतं. आता तिथे फक्त वैयक्तिक माहितीची सरसकट सूट उरली. कलम 8(2) अजून आहे, जनहितासाठी माहिती देता येते, असं सरकारचं म्हणणं आहे. ते खरंही आहे. पण तालुक्याच्या कार्यालयात बसलेला माहिती अधिकारी ज्या कलमाने नाकारता येतं ते आधी उघडतो, हे ज्यांनी अर्ज केलेत त्यांना विचारा.

आणि अंमलबजावणीचा क्रम पाहा. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हा माहिती अधिकारातला हा बदल त्याच क्षणी लागू झाला. नागरिकाला स्वतःच्या माहितीवर जे हक्क मिळायचे आहेत, म्हणजे संमती, दुरुस्ती, पुसून टाकण्याची मागणी, त्यांना मात्र 18 महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे 2027. माझ्याकडून जे जायचं ते आधी गेलं आणि मला जे मिळायचं ते पुढे ढकललं गेलं. त्यातच कलम 17(2) खाली केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून पूर्ण वगळू शकतं, आणि तक्रार ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही सरकारच करतं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालाच्या कसोट्या स्पष्ट होत्या. कायदा हवा, हेतू न्याय्य हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. सूट देणारी एक अधिसूचना या तिन्ही कसोट्यांवर उतरते, असं मला वाटत नाही.

साहेब, मी हे तंत्रज्ञानाच्या भीतीपोटी लिहीत नाही. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. बिबट्याची चाहूल देणारे कॅमेरे वस्तीजवळ बसू लागले तर शाळेत चालत जाणाऱ्या मुलांच्या आयांना त्याचं किती हायसं वाटतं, हे मी पाहिलं आहे. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा डोळ्यांत पाणी न आलेला माणूस मला तरी भेटला नाही. उपग्रह वरून आपल्याला पाहतात, अशी भीती गावात कधी कधी बोलली जाते. ती बरीचशी अनाठायी आहे. जुलै 2025 मध्ये गेलेला निसार उपग्रह दर 12 दिवसांत दोनदा जवळपास सगळ्या जमिनीवरून फिरतो, त्याचं रडार ढगांतूनही पाहतं, आणि जमीन खचली किंवा दरड सरकू लागली तर काही सेंटिमीटरचा फरकही त्यातून कळू शकतो. माळीण आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातच आहे, तेव्हा याची किंमत आम्हाला वेगळी समजवावी लागत नाही. निसारला कुणाचा चेहरा दिसत नाही, आणि त्याची माहिती सगळ्या जगाला मोफत खुली आहे.

आपण स्वतः 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात अधिकारी होतात. अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावर वादळाची वाटचाल पाहून आपण राज्य सरकारला वेळोवेळी कळवत होतात, हे सर्वश्रुत आहे. कुणीतरी आकाशातून मिळवलेली माहिती सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती, म्हणून ती आपल्या कामी आली. जमीन, पाणी, ढग, चंद्र आणि सरकारी खर्च यांची माहिती जितकी उघडी तितकं लोकांचं भलं. माणसाच्या चेहऱ्याचं, आजाराचं, ये-जाण्याचं मात्र उलट आहे. आजच्या कायद्यात ही दोन टोकं एकमेकांच्या जागी गेली आहेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

उपग्रह इंटरनेटचाही प्रश्न आता दारात आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांना आधी जोडायचं ठरलं. भामरागडच्या आरोग्य केंद्राला त्यातून खरंच जोड मिळणार असेल तर त्याचं स्वागतच आहे. पण 2023 मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीला दिसलं की या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून 110 ते 188 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात नकळत रेडिओ लहरी गळतात. त्यांच्या इंटरनेटच्या ठरलेल्या लहरी याहून खूप वरच्या आहेत, त्यामुळे ही गळती परवान्याच्या कागदावर दिसत नाही. खोडदची दुर्बीण 150 मेगाहर्ट्झच्या आसपासही ऐकते. ज्या दुर्बिणीसाठी आमची रेल्वे वळली, तिच्या डोक्यावरून जाणाऱ्या हजारो उपग्रहांना वेगळी अट असेल का? अमेरिकेत तिथल्या रेडिओ वेधशाळा आणि हीच कंपनी एकत्र बसून दुर्बिणीवरून जाताना उपग्रहांचा झोत वळवण्याचे प्रयोग करतात. तसाच लेखी करार जीएमआरटीसोबत व्हायला हवा, आणि तो सेवा सुरू होण्याआधी व्हायला हवा.

डिसेंबर 2023 मध्ये आपण दूरसंचार कायदाही मंजूर करून घेतलात. ग्राहकाची ओळख बायोमेट्रिक पद्धतीने पटवण्याची तरतूद त्यात आहे. पाड्यावरच्या ज्या माणसाला पहिल्यांदा इंटरनेट मिळेल, त्याच्या बोटांचे ठसे आणि चेहरा खाजगी कंपनीकडे किती काळ राहणार, आणि अंगठा जुळला नाही तर त्याची सोय काय, याचं उत्तर त्याला त्याच्या भाषेत मिळायला हवं. गोंडी, माडिया, भिलीत.

डब्यांतले कॅमेरे ही गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्या दोन मंत्रालयांच्या हातात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करावी अशी माझी विनंती आहे. चित्रण किती दिवसांनी पुसलं जाईल, ते कोण पाहू शकेल, पाहिल्याची नोंद कुठे राहील, पोलिसांना ते कोणत्या आदेशावर मिळेल, हे सगळं एका नियमावलीत मांडून सूचना आणि हरकतींसाठी मराठीसह सगळ्या भाषांत प्रसिद्ध करावं. संसदेने कायदा करेपर्यंत त्या चित्रणावर चेहरा ओळखणारं कोणतंही तंत्र चालवलं जाणार नाही, असं त्याच नियमावलीत लिहावं. ही नियमावली कधी येणार याचं उत्तर मला पत्राने मिळालं तर आनंदच आहे. आपण ते सभागृहात दिलंत तर इथल्या सगळ्यांनाच ते ऐकता येईल.

आपली,
जुन्नर तालुक्यातील एक नागरिक