वावराची राखण आणि माणसाचा जीव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शिवारात एकाच रात्री चार विहिरींवरच्या मोटारींची केबल कापून नेली. चोराला त्यातल्या तांब्याचे जे काही मिळत असेल ते मिळो, पण ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद पडली की केळीच्या बागेचे जे होते ते भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. बंदुकीचे परवाने काढावेत, न मिळाल्यास ‘कट्टा (गावठी पिस्तूल) काही लांब नाही’, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने रात्री कंपाउंडच्या तारेत करंट सोडण्याचा ठराव मांडला आणि त्याला बरेच हात वर झाले. मी चोपडा तालुक्यातला शेतकरी आहे आणि पंचवीस वर्षे तालुक्याच्या न्यायालयात वकिलीही करतो. बैठकीत गलक्यामुळे जे नीट मांडता आले नाही, ते आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छितो, कारण अशा बैठका सध्या एकट्या आमच्याच गावात होत नाहीत.

चोर घरात शिरला तरी हात उचलायचा नाही, उचलला तर आपणच आत जाऊ, अशी एक समजूत खेड्यापाड्यांत पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत आणि जुन्या दंड संहितेत हाच हक्क ९६ ते १०६ या कलमांत होता. स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार त्यांत आहे. वार अंगावर पडेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड टाकण्याचा प्रयत्न होत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांनाही तेच लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट केले की, जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक फटका मोजूनमापून मारावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ज्या बाईने मध्यरात्री दार फोडून आत आलेल्यावर कुऱ्हाड चालवली, तिच्या पाठीशी कायदा आहे. हे मी आधी सांगतो, कारण पुढचे ऐकताना कोणाला असे वाटू नये की मी चोराची वकिली करतो आहे.

आता केबलची चोरी. उघड्या वावरातून केबल नेणारा चोर, जोवर तो कोणाच्या अंगावर येत नाही तोवर, साधा चोर आहे. त्याला अडवता येते, माल हिसकावून घेता येतो, झटापटीत त्याला लागले तर तेही क्षम्य ठरू शकते. पण केवळ केबलसाठी त्याचा जीव घेण्याचा हक्क कलम ४१ आणि ४२ देत नाहीत. त्याने विळा किंवा पहार उगारली तर त्या क्षणी प्रश्न मालमत्तेचा राहत नाही, जिवाचा होतो, आणि हक्कही त्या मानाने वाढतो. तोच चोर हत्यार टाकून बांधावरून पळू लागला की हक्क पुन्हा आकसतो. पाठीत घातलेली कुऱ्हाड हे संरक्षण नव्हे. खरोखर स्वतःला वाचवताना सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली तर कायदा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतो, पण त्यातही तुरुंग आहेच. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणे ह्याच ठिकाणी अडतात: पहिला घाव स्वसंरक्षणाचा असतो, चौथा आणि पाचवा रागाचा, आणि शवविच्छेदनाच्या अहवालात घाव मोजलेले असतात.

चोर हाती लागला तर? फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, मात्र विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. या सहा तासांत त्याला खांबाला बांधून मारणे कोणत्याही कलमात बसत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय घडले हे खान्देशाने विसरू नये. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. मारणाऱ्यांतल्या अनेकांना त्या घडीला आपण लेकरे वाचवतो आहोत असेच वाटत असणार. पण ज्यांना खोलीत डांबले आहे त्यांच्यापासून कोणाच्या लेकराला कसला धोका उरला होता?

करंटविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आला. रानडुकरांसाठी त्याने मक्याभोवती उघडी तार ओढून तिच्यात करंट सोडला होता. शेतीची वीज आळीपाळीने रात्री येते हे आपण सगळे जाणतो. त्या रात्री शेजारच्या वावरातला सालदार पिकाला पाण्याचे बारे द्यायला निघाला आणि पाऊलवाट सोडून मक्याच्या कडेने गेला. पहाटे तो सापडला तेव्हा खांद्यावरचे फावडे बाजूला पडले होते आणि हातातली बॅटरी अजून चालू होती. माझा अशील मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘मी तं डुकरांसाठी लावला व्हता.’ तो खोटे बोलत नव्हता. पण तारेला डुक्कर, चोर, सालदार आणि चेंडू शोधत आलेले पोर यांतला फरक कळत नाही. खासगी संरक्षणाचा सगळा हक्क उभा आहे तो समोरचा धोका पाहून माणसाने त्या क्षणी केलेल्या निर्णयावर. घरी झोपलेल्या माणसाने तो निर्णय तारेवर सोपवला की त्या हक्काचा आधारच उरत नाही, मग मरणारा खरोखर चोर निघाला तरीही.

शस्त्राचेही थोडक्यात सांगतो. सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या उमर्टीच्या बाजूने येणारे गावठी कट्टे आपल्या भागात पकडले जातात हे नवे नाही. कट्ट्याने खरोखर जीव वाचला तरी विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा वेगळा उभा राहतो. परवाना मागायला माझा विरोध नाही. कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचीही सोय आहे. पण घरात बंदूक आली की ती फक्त चोराच्याच वाटेला जाईल, असे भाऊबंदकीचे आणि बांधाचे खटले वर्षानुवर्षे चालवणारा माणूस म्हणू शकत नाही. वरातीत बार काढण्याची हौस इतकी वाढली की शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली.

भित्रेपणा आणि हिंसा यांतूनच एक निवडायचे असेल तर हिंसा निवडावी, असे गांधीजींनीही लिहिले होते. मला ते पटते; बायकापोरांवर हल्ला होत असताना दाराआड दडून बसण्याला मी अहिंसा म्हणणार नाही. मात्र केबलचे बंडल आणि माणूस यांच्यात निवड करायची वेळ येते तेव्हा तो प्रसंग शौर्याचा नसतो. बैठकीत आमच्या गावचे एक वयोवृद्ध आप्पा, ज्यांची स्वतःची केबल दोनदा गेली आहे, एवढेच बोलले, ‘चोर व्हई, पन माणूस शे ना तो.’ त्यांचे म्हणणे कोणी खोडले नाही, पण वर झालेले हातही खाली आले नाहीत.

त्या हातांचा राग मला समजतो. पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क राहत नाही असे न्याय संहितेचे कलम ३७ सांगते, आणि आमच्या शिवारात रात्री फोन केल्यावर गाडी किती वेळाने येते हे कोणीही सांगेल. कायद्याने आमचे हात जिथे बांधले आहेत तिथे शासनाचे हात पोचले पाहिजेत. शेतीला दिवसा वीज द्यावी, म्हणजे निम्मे शिवार अंधारात चालणार नाही. ग्रामसुरक्षा दलाची नावे पोलीस ठाण्यात नोंदवून त्यांना ओळखपत्रे, शिट्ट्या आणि बॅटऱ्या द्याव्यात. चोरीचे तांबे घेणाऱ्या भंगारवाल्यांची झडती घ्यावी, कारण घेणारा आहे म्हणून नेणारा आहे.

करंटचा ठराव आम्ही कसाबसा पुढच्या बैठकीपर्यंत थांबवला आहे. ती बैठक येत्या अमावास्येच्या आधी आहे. तोवर हे पत्र छापून आले, तर मी ते पारावर वाचून दाखवीन.

आपला,
एक शेतकरी-वकील वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव